कपाशीवर फवारणी करताना औषध अंगाला लागू नये म्हणून: दुकानापासून ते आंघोळीपर्यंत

ऑगस्ट लागला की आमच्या भागात पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर जाते, मावा-तुडतुडे दिसायला लागतात आणि गावात जिकडेतिकडे पंपाचा आवाज सुरू होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात याच दिवसांत काय झालं ते विदर्भातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले, कित्येकांना काही दिवस डोळ्यांना धड दिसत नव्हतं. सरकारनं एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, शिबिरं झाली, हातमोजे-चष्म्याचे संरक्षक किट वाटले, आणि दोनचार वर्षांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं, किट कोठ्यात पडून आणि माणूस उघड्या अंगानं पंप घेऊन वावरात.

त्या वर्षी जे गेले त्यातले बरेच जण औषध प्यायले नव्हते, ते फवारत होते, एवढीच गोष्ट नीट डोक्यात बसली तर खालचं सगळं आपोआप कळेल. फवारताना विष तोंडातून कमी आणि कातडीतून जास्त जातं. पाठीवर गळालेल्या पंपातून, ओल्या शर्टातून, जांघेतून, मानेवरून. जळजळ होईलच असं नाही, वास येईलच असं नाही, त्यामुळे काही होतंय हे कळतच नाही आणि संध्याकाळी डोकं जड झालं की आपण म्हणतो ऊन लागलं. म्हणून हा लेख औषध कोणतं चांगलं यावर नाहीये, औषध दुकानातून आणल्यापासून आंघोळ होईपर्यंत ते अंगापासून लांब कसं ठेवायचं यावर आहे.

आधी बघा, फवारायची गरज आहे का

सगळ्यात सुरक्षित फवारणी म्हणजे न केलेली फवारणी. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारलं, दुकानदार म्हणाला एक हात मारून घ्या म्हणून मारलं, असं निम्म्या वेळा होतं. वावरात चार-पाच ठिकाणची मिळून वीसेक झाडं बघा, पानं उलटी करून किडे मोजा. साधा हिशोब असा की पानामागे दोन-तीन तुडतुडे, किंवा दहाच्या आसपास फुलकिडे किंवा मावा, किंवा आठ-दहा पांढऱ्या माश्या सापडल्या तर फवारणीचा विचार करायचा, त्याच्या खाली असेल तर थांबायचं, ढालकिडे आणि क्रायसोपा हे किडी खाणारे मित्रकिडे आपलं काम करत असतात त्यांना करू द्यायचं. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावून ठेवा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की मग पंपाला हात लावा. सुरुवातीच्या रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्कानं बऱ्यापैकी आळा बसतो, पण निंबोळ्या वेचायच्या उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाच्या तोंडावर, आणि तेव्हा कुणाला आठवत नाही, हे खरं दुखणं आहे.

अजून एक, पऱ्हाटी डोक्याच्या वर जाऊ देऊ नका. २०१७ मध्ये बऱ्याच वावरांत झाडं माणसाएवढी वाढली होती, दाटी इतकी की त्यात शिरून हात वर करून फवारावं लागत होतं, म्हणजे फवारा झाडावर आणि झाडावरून आपल्याच तोंडावर. लागवडीतच ठरावीक ओळींनंतर चालायला पट्टा सोडा, युरिया बेतानं टाका, आणि वाढ जास्त वाटली तर वेळेत शेंडे खुडा. ज्या वावरात माणूस दिसत नाही इतकी दाटी झाली आहे तिथे एकट्यानं फवारायला उतरूच नका, आत भोवळ येऊन पडला तर बाहेरच्याला संध्याकाळपर्यंत कळणार नाही.

दुकानात

औषधाच्या डब्यावर खालच्या बाजूला एक चौकोन असतो, तिरपा उभा, त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे खालचा त्रिकोण, रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याच्या खालचा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पाणी नव्हे, तोही विषच आहे, फक्त कमी. एकाच किडीसाठी निळ्या त्रिकोणाचं औषध मिळत असेल तर लाल किंवा पिवळं घ्यायचं कारणच नाही, दुकानदाराला सरळ विचारा, दादा याच्यात निळं-हिरवं काय आहे. मोनोक्रोटोफॉस हे लाल त्रिकोणाचं औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं स्वस्त म्हणून चाललं, त्याच्या ३६ टक्के एसएलवर (एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं पातळ औषध) २०२३ मध्ये केंद्रानं बंदीचा आदेश काढलाय, कुणी जुना माल म्हणून कमी भावात देत असेल तरी घेऊ नका.

पक्की पावती घ्याच. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत संपायची तारीख पाहिजे. पावती दोन ठिकाणी कामाला येते, औषध बोगस निघालं तर आणि देव न करो माणूस दवाखान्यात गेला तर, कारण डॉक्टरला पहिला प्रश्न हाच असतो की काय फवारत होते. सीलबंदच घ्या. सुट्टं औषध पाण्याच्या बाटलीत किंवा दारूच्या शिशीत ओतून आणायचं नाही, घरातल्या लेकरांना ती शिशी म्हणजे शिशीच वाटते. गाडीवर आणताना किराण्याच्या पिशवीत नको, आणि घरी आणलं की कडी-कुलपाच्या जागी, फडताळात चहा-साखरेच्या शेजारी नाही.

लेबल बारीक अक्षरात असतं, मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा. पीक, कीड, किती मिली, किती पाणी, किती दिवस वावरात जायचं नाही, विषबाधा झाली तर उतारा काय, सगळं त्यात असतं. फोटो फोनमध्ये राहू द्या, पुढे लागतो.

माप: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

बाटलीचं टोपण हे माप नाही. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल घ्या, कपाशीवर त्याची शिफारस १० लिटर पाण्याला २.५ मिली आहे, म्हणजे आपल्या १५ लिटरच्या पंपाला पावणेचार मिली. आता एखादं टोपण १२-१५ मिलीचं असतं, आपण म्हणतो पंपाला एक टोपण टाक, म्हणजे तिप्पट-चौपट झालं ना भाऊ. पैसा जातो, मित्रकीड मरते, आणि ते तिप्पट द्रावण आपल्याच पाठीवर गळतं. मेडिकलमधून दहा रुपयांची सुई काढलेली सिरिंज आणा, मापाचा कप आणा, ते फक्त औषधालाच ठेवा.

आता पेट्रोलच्या पॉवर पंपाबद्दल. त्याचा फवारा बारीक असतो, एकराला पाणी कमी लागतं, म्हणून शिफारशीच्या कागदावर खाली लिहिलेलं असतं की पॉवर पंपासाठी औषधाचं प्रमाण तीनपट घ्यावं. हिशोब बरोबर आहे, कारण एकरी औषध तेवढंच राहतं, पाणी फक्त तिसऱ्या हिश्शावर येतं. पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक, तीनपट टाकून पंपही पहिल्याइतकेच मारले तर एकरी औषध तीनपट झालं. दुसरी, टाकीतलं पाणी आता तिप्पट घट्ट आहे, म्हणजे गळालेला प्रत्येक थेंब तिप्पट विषारी, आणि बारीक फवारा हवेत जास्त वेळ तरंगतो, नाकात जास्त जातो. त्यामुळे हातपंपावर जी ढिलाई आजवर खपून गेली ती पॉवर पंपावर खपणार नाही. ड्रोनवाला बोलावला तर त्याची टाकी याहून घट्ट असते, तिथे आपलं काम एवढंच की लांब उभं राहायचं, खाली उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही.

कोणाचं मिश्रण कोणाशी

एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, टॉनिक आणि वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) असं पाच-पाच गोष्टींचं कॉकटेल आपल्याकडे सर्रास चालतं, मजुरी वाचते म्हणून. दोन कीटकनाशकं एकत्र झाली की विषारीपणा नुसता बेरीज होत नाही, काही जोड्यांत तो वाढतो, सेंद्रिय फॉस्फरसवालं (ऑर्गॅनोफॉस्फेट, मोनोक्रोटोफॉससारखं) आणि पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारखं) ही तशी जोडी. कारखान्यातून तयार मिश्रण येतं त्यात अजून तिसरं घालायचं कारण नाही. लेबलवर लिहिलेलं नसेल तर मिसळू नका, आणि मजुराला तर हे सांगाच की टाकीत काय काय आहे. तो त्याचा हक्क आहे.

कपडे

पूर्ण किट घाला असं सांगणं सोपं आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात ते घालून चार तास फिरणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. तरी काय सोडायचं आणि काय अजिबात नाही ते सांगतो.

अजिबात सोडायचं नाही ते: लांब बाह्यांचा सुती शर्ट, फुल पँट, नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी, आणि पाठीवर प्लास्टिक. पाठीचं लोक विसरतात. ॲप्रन म्हटलं की पुढे बांधतात आणि पंप तर मागे असतो, झाकणातून, वॉशरमधून तिकडूनच गळतं, शर्ट भिजतो, पाणी कमरेवरून खाली जांघेत उतरतं, आणि जांघेची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात जास्त विष शोषून घेते. महागडा ॲप्रन नसेल तर खताच्या पोत्यातली स्वच्छ आतली प्लास्टिक पिशवी कापा, मान आणि हात बाहेर काढा, झालं.

कापडी किंवा चामड्याचे हातमोजे नको, ते औषध पिऊन धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडे हात धुणं बरं. हातमोजा बाहीच्या आत का बाहेर, यावर वाद होतो, उत्तर सोपं आहे. पीक छातीच्या वर असेल आणि हात वर जात असेल तर हातमोजा बाहीच्या वरून घाला आणि काठ उलटा दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे जाणार नाही, दुमडीत अडकेल. पीक खाली असेल तर बाही हातमोज्याच्या वर. गमबूट घातले तर पँट बुटाच्या बाहेर, आत खोचली तर पायात डबकं साचतं. चपलेवर फवारणी करू नका एवढं तरी.

तोंडाला दुपट्टा बांधून वाफ थांबत नाही, थोडे थेंब थांबतात, आणि तो दुपट्टा भिजला की उलट तोंडाशी विष बांधून फिरल्यासारखं होतं. कार्ट्रिजवाला मास्क मिळाला तर उत्तम. नाही तर डिस्पोजेबल मास्क, भिजला की बदलायचा.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. हा विषय टाळून चालत नाही. फवारता फवारता पुडी काढून त्याच बोटानं तोंडात टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, बिडीचंही तेच. फवारणी चालू असताना पुडी खिशात ठेवूच नका, धुऱ्यावर (बांधावर) डब्यात ठेवा, साबणानं हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही.

औषध कालवताना

पूर्ण दिवसात सगळ्यात धोक्याचं काम हे आहे, फवारणं नाही, कारण इथे औषध शंभर टक्के घट्ट असतं. आणि हे काम बहुतेक वेळा घरातली बाई करते, पाणी आणायचं, बकेटमध्ये कालवायचं, पंप भरून द्यायचा, आणि किट मात्र एकच, तो पंपवाल्याला. दुसरा हातमोज्यांचा जोड घ्या, चष्मा घ्या. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई या कामाला नकोच, लेकरं तर शंभर फुटांवरही नकोत.

मोकळ्या जागी, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, वारा पाठीवरून येईल असं उभं राहायचं. आधी पंपात निम्मं पाणी, मग मापलेलं औषध, मग उरलेलं पाणी. पावडर असेल तर आधी मगात थोड्या पाण्यात पेस्ट करून मग टाकीत. हात घालून ढवळायचं नाही, काठी घ्या, ती काठी त्याच कामाला ठेवा. पंप गळ्यापर्यंत भरू नका, वाकलं की झाकणातून मानेवर येतं. नुसत्या पाण्यानं भरून पंप आधीच तपासा, वॉशर, नळी, पट्टा, गळत असेल तर वॉशर बदला, चिंधी बांधून भागवू नका.

वावरात चालायचं कसं

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत संपवायचं, नाही तर चारनंतर. घामानं ओली झालेली गरम कातडी जास्त शोषते, वरून किट घालून दुपारी फिरवत नाही. वारा जोराचा असेल तर नाहीच, पण अगदी पान हलत नाही असा पडलेला वाराही चांगला नसतो, बारीक फवारा धुक्यासारखा तिथेच तरंगत राहतो. पानं हलकी हलतायत इतका वारा बरा.

समजा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतोय आणि तासं (पिकाच्या ओळी) दक्षिणोत्तर आहेत. सुरुवात पूर्वेच्या धुऱ्यापासून करा, नळी पूर्वेच्या हाताला धरा, आणि फक्त त्याच बाजूची ओळ मारा. ती संपली की पश्चिमेच्या पुढच्या तासात या. असं केलं की फवारा कायम तुमच्यापासून लांब जातो, आणि तुम्ही कायम कोरड्या, न मारलेल्या झाडांतून चालता. उलट्या बाजूनं सुरुवात केली तर प्रत्येक पुढची ओळ ही मघाशी भिजवलेल्या झाडांना अंग घासत जायची. डावीकडे-उजवीकडे नळी हलवत दोन्ही ओळी एकदम मारायची जी आपली पद्धत आहे, ती लवकर उरकते खरी, पण त्यात आपण आपणच सोडलेल्या ढगात पाऊल टाकतो. तासं वाऱ्याच्याच दिशेत असतील तर वारा वळेपर्यंत थांबा, थांबणं शक्यच नसेल तर वाऱ्याकडे तोंड करून चाला आणि नळी मागच्या बाजूला धरा, हात अवघडतो पण तोंड वाचतं.

नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं नाही. कधीच नाही. जुना टूथब्रश आणि एक जास्तीचं नोझल खिशात ठेवा, तुंबलं की बदला. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला पंख्याचं. तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवा, टू-फोर-डी या तणनाशकाचा अंशही कपाशीला सोसत नाही, पानं बोटांसारखी चिरून वाकडी होतात.

एका माणसानं रोज फवारू नये हे माझं ठाम मत आहे, आणि इथेच आपल्या गावांची खरी गोम आहे. आपल्याकडे पंपामागे मजुरी घेणारी काही ठरावीक पोरं असतात, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या, सीझनभर. सेंद्रिय फॉस्फरसची औषधं मज्जातंतूंच्या कामाचं एक एन्झाईम, कोलिनेस्टरेज, बंद पाडतात, ते पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे सोमवारी थोडं कमी झालं, मंगळवारी अजून, बुधवारी अजून, आणि शनिवारी त्याच मापाच्या, त्याच औषधाच्या एका साध्या पंपावर माणूस खाली पडतो. घरचे म्हणतात, काल तर ठीक होता. म्हणून पोरं आलटून पालटून लावा, दोन फवारण्यांत अंतर पडू द्या, आणि ज्याला या सीझनमध्ये एकदा औषध लागलंय त्याला पुन्हा पंपाला लावू नका, मजुरी बुडते म्हणून तो स्वतः तयार असला तरी. त्याला दुसरं काम द्या.

संपल्यावर

उरलेलं द्रावण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, पातळ करून त्याच वावराच्या कडेला मारून टाका. पंप तीन वेळा वावरातच धुवा. रिकाम्या बाटलीत पाणी घालून हलवा, तीन वेळा, ते पाणी पंपातच टाका (हे अर्थात फवारणी चालू असतानाच करायचं, शेवटी नाही). मग बाटलीला भोकं पाडा, तोडा, आणि पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरा. जाळू नका, धूर विषारी. परसाकडेला न्यायला, रॉकेल ठेवायला, बियाणं ठेवायला ती बाटली घरात येता कामा नये.

हातमोजे काढायच्या आधी हातमोज्यांसकट हात साबणानं धुवा, मग काढा, नाहीतर काढतानाच बोटं भरतात. कपडे घरच्या धुण्यात नाही, वेगळ्या बादलीत, धुणारीनं पण हातमोजे घालायचे. आंघोळ साबण लावून, केस, नखं, कानामागे, जांघा, आणि हे सगळं जेवायच्या आधी, लेकराला उचलायच्या आधी. कोमट पाणी चालेल, खूप गरम नको.

वावराच्या धुऱ्यावर लाल फडकं लावा. लेबलवर जितका वेळ सांगितलाय तितका वेळ, आणि लिहिलं नसेल तर किमान एक दिवस तरी, त्या वावरात निंदणाऱ्या बाया घालू नका, गुरं सोडू नका, धुऱ्यावरचं गवत कापू नका.

गावानं मिळून करायच्या गोष्टी

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, गुड मॉर्निंगबरोबर एवढं टाका: उद्या सकाळी अमुक शिवारात फवारणी, गुरं तिकडे नेऊ नका, निंदणाला बाया लावू नका, मधपेट्या असतील तर झाका. दोन ओळी. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कोतवालाकडून दवंडी किंवा देवळाच्या भोंग्यावरून. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरात नंबर रंगवून घ्या: रुग्णवाहिका १०८, किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८००-११६-११७, हे चोवीस तास चालतं आणि कुठल्या विषावर काय करायचं ते डॉक्टरलाही सांगतं. त्याखाली आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा, आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोन पोरांचा नंबर.

सीझनच्या आधी सरपंचानं आरोग्य केंद्रात जाऊन एकदा विचारून यावं की अट्रोपीनची (या विषबाधेवरच्या उताऱ्याची) इंजेक्शनं किती आहेत. विचारलं की साठा मागवला जातो, न विचारता तो असतोच असं नाही. ग्रामसभेत एकाच ठरावानं हातमोजे आणि चष्म्यांचे आठ-दहा संच गावकोठ्यात ठेवता येतात, गरीब मजूर वापरून धुवून परत देईल.

औषध लागलं तर

सुरुवात साधीच असते. डोकं जड, मळमळ, भोवळ, डोळ्यांपुढे धूसर. मग तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, भरमसाट घाम, पोटात कळ, उलटी, हगवण, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, अंगावर मांस फडफडणं, छातीत घरघर. ऊन लागलेल्यालाही चक्कर आणि मळमळ होते, पण लाळ गळणं आणि बाहुल्या बारीक होणं हे उन्हाचं लक्षण नाही. पायरेथ्रॉइडमध्ये तोंडावर-हातावर मुंग्या आणि आग होते. काहीही शंका आली तर ते विषच आहे असं धरून चाला.

पंप तिथेच उतरवा, माणसाला फवारलेल्या वावरातून बाहेर सावलीत आणा. सगळे कपडे काढा, लाज-बिज नंतर, शर्ट अंगावर असेपर्यंत विष आत जातच असतं. साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. मदत करणाऱ्यानंही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालावी. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, मान थोडी मागे, तोंडातली लाळ पुसत राहा. उलटी मुद्दाम करवू नका, दूध, तूप, लिंबूपाणी, मीठपाणी काही पाजू नका, बेशुद्धाच्या छातीत ते जातं. १०८ ला फोन, गाडी यायला उशीर दिसला तर मिळेल त्या गाडीनं निघा. बरोबर बाटली किंवा लेबलचा फोटो आणि पावती घ्या. कारण उतारा औषधाप्रमाणे बदलतो, फॉस्फरसवाल्याला अट्रोपीन आणि पॅम ही इंजेक्शनं देतात, कित्येक औषधांना तर उताराच नाही, पॅराक्वाट या तणनाशकाला नाही, तिथे लक्षणं बघून उपचार करतात.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसला, चहा मागायला लागला की आपण सुट्टीची घाई करतो. नका करू. फॉस्फरसच्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वासाचे स्नायू ढिले पडणं असा दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो घरी आला तर व्हेंटिलेटर कुठून आणणार. डॉक्टर सोडेपर्यंत राहा.

कागदपत्रांचं

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधा बसते. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयापासून विमा कंपनी मध्ये राहिलेली नाही, सरकार थेट अनुदान देतं. मृत्यू झाला किंवा दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. वय १० ते ७५, सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, म्हणजे नाव बापाच्या सातबारावर आणि फवारणारा पोरगा असला तरी बसतं. पण भूमिहीन मजूर यात येत नाही, आणि फवारणारा तर बहुतेक तोच असतो, त्याच्यासाठी निदान बँकेत २० रुपये वर्षाचा पंतप्रधान सुरक्षा बीमा काढून द्या, मालकानं भरले तरी परवडतात.

अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा, वारसाची नोंद, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा आणि प्रथम माहिती अहवाल, मृत्यू असेल तर दाखला आणि शवविच्छेदन अहवाल, त्यासोबत व्हिसेराचा (शवविच्छेदनात काढलेल्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांचा) रासायनिक अहवाल. व्हिसेराला वेळ लागतो, त्याची वाट बघत अर्ज थांबवू नका, बाकी कागद लावून अर्ज मुदतीत द्या आणि पोच घ्या. शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही, त्या घडीला हे घरच्यांना सुचत नाही, शेजाऱ्यानं किंवा पोलीस पाटलानं सांगायचं असतं. आणि दवाखान्यात दाखल करतानाच केसपेपरवर "शेतात फवारणी करताना विषबाधा" असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "विष" एवढंच लिहिलं गेलं तर ती आत्महत्या धरली जाते आणि या योजनेत आत्महत्या बसत नाही.